बोटीचा बसलेला गळा

आमच्या बोटीला इंजिन होतं, पत्र्याचा टप होता, बसायला दोन्ही बाजूंना फळ्या होत्या. पण नानांचा जीव अडकला होता तो टपावरच्या दोन कर्ण्यांत. नाना म्हणजे माझे वडील. पानशेतच्या धरणात त्यांची ‘मेंगाई’ चालायची. आठवडाभर पलीकडच्या गावांची माणसं, शेळ्या, खताची पोती इकडून तिकडे न्यायची, शनिवार-रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना फेरी मारून आणायची, आणि लग्नसराईत वऱ्हाडं. माणसं आपल्या बोटीत बसतात ती गाण्यासाठी, असं नानांचं ठाम मत होतं. इंजिनाची डुगडुग इतकी मोठी, की गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायच्या मशीनचं बटण पुरतं पिळावं लागायचं. आणि गाणं इतकं मोठं, की इंजिन बिघडलं तरी कुणाला पत्ता लागू नये. अशा बोटीत अर्धा तास बसून उतरलेली माणसं घरी जाईपर्यंत एकमेकांशी ओरडून बोलत. नानांना मात्र यात काही वावगं दिसत नसे, कारण ते स्वतः घरातही तसंच बोलायचे.

घर धक्क्याच्या वरच्या उतारावर होतं. चुलीवर आंबेमोहोराचा भात रटरटत असायचा आणि त्याच्या वासात खालून येणारा डिझेलचा वास मिसळायचा. मला आजही सुगंधी तांदळाचा भात समोर आला की काहीतरी कमी आहे असं वाटतं, आणि ते डिझेल असतं हे कुणाला सांगायची सोय नाही. जाळ्यात मासे आले तर आई हिरव्या वाटणाचं कालवण करायची, नाही आले तर हुलग्याचं माडगं, आणि पाहुण्यांच्या दिवशी परात भरून कांदाभजी. आईकडे घड्याळ नव्हतं. तिचं सगळं गाण्यावर चालायचं. बोट पलीकडच्या वळणावर आली की गाणं डोंगरावर आपटून दोनदा ऐकू यायचं. मग आई पीठ मळायला घ्यायची. गाणं एकदाच ऐकू यायला लागलं की पहिली भाकरी तव्यावर पडायची. नाना पायरी चढून येईपर्यंत ती भाकरी पापुद्रा धरून टम्म फुगलेली असायची. त्यामुळे बोटीचा गळा बसला की आमच्या घरी एक तर पीठ सुकायचं, नाहीतर नाना उपाशी ताटकळायचे. आणि त्या वर्षी बोटीचा गळा सारखा बसत होता.

आता माझं सांगते. मी इंदू, घरातली एकुलती एक, नुकतीच दहावी झालेली. विंझरला शंकरमामा नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे होते. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळ्या खोऱ्याचे मामा होते. आठवीत असताना त्यांच्या दुकानात नानांचा रेडिओ द्यायला म्हणून मी गेले आणि पुढची दोन वर्षं काही ना काही निमित्त काढून जातच राहिले. त्यांनी मला जोडाला कथिलाचा डाग द्यायला शिकवलं, वायर सोलायला शिकवलं, आणि आमच्या बोटीतून फुकट जाण्या-येण्याच्या मोबदल्यात म्हणून एक टेस्ट लॅम्प करून दिला: स्कूटरचा एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. मामा म्हणायचे, “दिवा लागला का तिथवर वीज आली म्हणायची. आन् ध्यानात ठिव, जाणारी वायर समदी तपासत्यात. परत येणारी कुनी बघत न्हाई.” हे मी वहीत लिहून घेतलं आणि इतर शहाण्या गोष्टींसारखं तिथेच ठेवलं. मामांच्याच सांगण्यावरून मी भोरच्या आयटीआयचा फॉर्म आणला. विषय इलेक्ट्रिशियन. राहायला शिवऱ्याची मावशी तयार होती, हमरस्त्यावरून भोरला एसटी मिळत होती. फक्त खाली पालकाची सही हवी होती.

नानांनी फॉर्म उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, “पोरीला खांबावर चडवून गावाला तमाशा दाकवू व्हय म्या?” मी म्हटलं, खांबावरच चढावं लागतं असं नाही. ते म्हणाले, “मग घरातच बस की, हितं बी खांब न्हाई.” नाना दुष्ट नव्हते. त्यांना एखादी गोष्ट डोळ्यांनी दिसल्याशिवाय खरी वाटायची नाही, आणि वायर हातात घेतलेली मुलगी त्यांनी कुठे पाहिलेली नव्हती. फॉर्म त्यांनी देवाच्या फळीवर अंगाऱ्याच्या डबीखाली ठेवला. तिथे ठेवलेले कागद सहसा परत निघत नसत.

बोटीचं दुखणं असं होतं: धक्क्यावरून निघताना गाणं खणखणीत. मध्यावर पोचलं की खरखर, मग चिरका आवाज, आणि मग काहीच नाही. टेपमध्ये कॅसेट गोल फिरते आहे, मशीनचा लाल दिवा मिणमिणतो आहे, पण कर्णे गप्प. बोट धक्क्याला लावून इंजिन बंद केलं आणि मी स्क्रू फिरवायचा डिसमिस घेऊन खाली उतरले, की पहिल्याच झटक्याला गाणं सुरू. रात्रभर खोकून घरादाराला जागवणारं पोर डॉक्टरपुढे नेलं की हसत बसतं, तसलाच प्रकार. मी फ्यूज बदलला. टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. उंदरानं वायर खाल्ली असेल म्हणून सगळ्या फळ्या उचलल्या, तेव्हा उंदीर निघाला नाही पण नानांचा हरवलेला चष्मा निघाला. कर्ण्यांच्या वायरी नव्या ओढल्या. दर वेळी धक्क्यावर गाणं वाजायचं, नाना मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मध्यभागी माझी अब्रू जायची. चालत्या बोटीत मला मशीनला हात लावू द्या म्हटलं तर नाना ऐकायचे नाहीत. चालत्या इंजिनाच्या जवळ बाईमाणसाचा पदर नको, हा त्यांचा नियम होता आणि मी परकरपोलकं घालत असे हा मुद्दा त्यांना पटला नाही.

आईचं निदान वेगळं होतं. तिच्या मते बोटीला दृष्ट लागत होती. पुण्याची माणसं येतात, बोटीकडे बघून ‘काय मस्त आहे’ म्हणतात आणि थुंकतही नाहीत, मग दुसरं काय होणार. म्हणून दर शनिवारी सकाळी ती लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवून बोटीत बांधायची. पूर्वी ती हे दोऱ्यात ओवायची, पण पाण्याच्या तुषारांनी दोरा कुजून लिंबू प्रवाशांच्या डोक्यात पडायचं. मीच तिला माझ्या डब्यातली तांब्याची बारीक तार दिली होती. “दोरा कशाला, तारेनं बांध, वर्षभर तुटायची नाही,” असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. गळा बसायला लागल्यापासून आई एकाच्या जागी दोन लिंबं बांधू लागली. गळा जास्तच बसू लागला. मग तीन.

याचं पुढे काय झालं ते कळायला आधी एका वऱ्हाडाची गोष्ट सांगायला हवी. पलीकडच्या गावांना तेव्हा नीट रस्ता नव्हता. वऱ्हाड बोटीतूनच जायचं, आणि रीत अशी होती की बोट सुटली की कर्णे लावायचे. पाण्यावरून गाणं ऐकू आलं की नवरीकडच्या बायकांनी आरतीची ताटं घेऊन काठावर यायचं. त्या उन्हाळ्यात एक वऱ्हाड असंच वाजतगाजत निघालं आणि मध्यावर गाणं अर्ध्या ओळीत थांबलं. बोट वळणाआड होती. काठावरच्या लोकांना दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि आता ऐकूही येईना. कुणीतरी म्हणालं, बोट बुडाली. बायकांनी गळा काढला. नवरीचे दोन चुलते धोतरं सोडून पाण्यात उतरले. इतक्यात आमची बोट वळणावरून शांतपणे आली, तेव्हा नवऱ्या मुलाला पहिलं दर्शन झालं ते चुलतसासऱ्यांचं, आणि तेही गुडघाभर पाण्यात, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत. खोऱ्यात ही गोष्ट महिनाभर पुरली. पुढची दोन वऱ्हाडं दुसऱ्या बोटीनं गेली. नानांचा आवाज पहिल्यांदाच माणसांसारखा झाला, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

तिसरं वऱ्हाड नानांनी स्वतः जाऊन, हात जोडून मिळवलं. त्या संध्याकाळी भाकरी मोडता मोडता मी म्हटलं, “नाना, गाणं म्या वाजवून दाकवते. मग सही कराल का?”

नानांनी कालवणाची वाटी तोंडाला लावली, संपवली आणि खाली ठेवली. “वऱ्हाड पलीकडं लागंल तवा कर्णं वाजत असलं, तर सही. न्हाईतर त्यो कागद चुलीत.”

“चालत्या बोटीत मशीनला हात लावू द्यायचा.”

“लई अटी हायेत तुज्या.”

“त्येवडी एकच.”

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “लावू द्या की. पदर खोचून ठिवंल ती.” नानांनी हूं केलं. आमच्या घरात हूं म्हणजे स्टँपपेपर होता.

लग्न शनिवारचं होतं. मी पहाटेपासून बोटीत होते. प्रत्येक स्क्रू आवळला, प्रत्येक जोड पाहिला, बॅटरीचे खांब पॉलिश पेपरनं घासले. गाणं सुरेख वाजत होतं, अर्थात धक्क्यावर. उजाडल्यावर आई आली. तिच्या हातात लिंबांचे तीन सर होते. मशीनच्या वर, टपाच्या लोखंडी पट्टीला एक बोल्ट होता. तीच तिची नेहमीची जागा. तिनं नट बोटांनी सैल केला, तारेची कडी आत सरकवली आणि परत बोटांनीच फिरवला. “ह्ये बोटीचं,” ती म्हणाली. “ह्ये नवरानवरीचं.” तिसरं बांधताना ती काही बोलली नाही म्हणून मी विचारलं, “अन् ह्ये?” ती म्हणाली, “तुज्या कागदाचं.” मी हसले आणि पुन्हा माझ्या फ्यूजकडे वळले. पुढे मी बरीच वर्षं पंपांच्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळली, पोरांना वायरिंग शिकवलं, आणि दर तुकडीला पहिल्या दिवशी सांगत आले की डोळ्यांसमोरची गोष्ट शेवटी दिसते. कुठून शिकलात असं त्यांनी विचारलं तर मी हजेरी घ्यायला लागायची.

टपाखाली चाळीसेक माणसं बसली. मध्ये मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, त्याच्या शेजारी त्याचे वडील, भलामोठा फेटा बांधलेले. बायकांत आई. मी मशीनपाशी परकर खोचून, हातात टेस्ट लॅम्प. बोट सुटली, गाणं सुरू झालं, करवल्या माना हलवायला लागल्या. वळणाच्या अलीकडे खरखर आली. मग तो चिरका आवाज. मग इंजिनाची नुसती डुगडुग.

फेटेवाले गृहस्थ म्हणाले, “नाना, पलीकडची मंडळी धोतरं सोडाय लागली आसत्याल.” दोघं-तिघं हसले. नाना सुकाणूवर होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हेच जास्त लागलं.

दिव्याची एक वायर मी बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी, मशीनमध्ये वीज येते ती जागा सोडून, कधी नव्हे ते मशीनच्या पत्र्याला टेकवली. दिवा लख्ख लागायला हवा होता. तो इंजिनाच्या तालावर लुकलुकत होता, जेमतेम. म्हणजे दोष येणाऱ्या विजेत नव्हता. परत जायची वाट बंद होती. वहीतलं मामांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. ती परत येणारी वायर म्हणजे काळी, मशीनकडून बॅटरीकडे वीज नेणारी. ती मशीनच्या मागून निघत होती, फळीच्या कडेनं वर चढत होती, टपाच्या लोखंडी पट्टीकडे जात होती, आणि तिथे आईच्या तीन लिंबांमागे दिसेनाशी होत होती.

मी लिंबं जराशी बाजूला केली. तो बोल्ट म्हणजेच मशीनची अर्थिंग, वीज परत जायची जागा. नटाखाली काळ्या वायरीचं टोक होतं, पण त्याच्यावर, खाली, मध्ये, महिन्यांच्या शनिवारांच्या तारेच्या कड्या होत्या. जुनं लिंबू काढताना आई तार कापायची आणि कडी तिथेच राहायची. त्या सगळ्यावर लिंबाच्या रसानं हिरवट पांढरी बुरशी धरली होती. नट बोटानं हलत होता. धक्क्यावर बोट स्थिर असली की कसंबसं चालायचं. इंजिनाचे हादरे बसले, लिंबं झुलायला लागली, की सुटायचं. गळा बसला म्हणून लिंबू, आणि लिंबू म्हणून गळा बसलेला. आणि तार माझी.

कळलं तेव्हा मला हसू फुटायच्या बेतात होतं, पण लगेच पुढचं दिसलं. वऱ्हाडाच्या बोटीत, पाण्याच्या मध्यावर, लिंबूमिरची काढायची? ती फेटेवाल्यांच्या देखत काढली असती तर त्यांनी मलाच खाली उतरवलं असतं. आणि समजा कारण सांगितलं, तर नाना पुढची दहा वर्षं आईला धक्क्यावर, बाजारात, पाहुण्यांत, त्या आवाजात ऐकवत राहिले असते. जिनं माझ्या बाजूनं तोंड उघडलं होतं, तिलाच मी तोंडघशी पाडायचं. मला आईचा राग आला, तिची अतोनात माया आली, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे मी नुसती उभी राहिले.

मग मी म्हटलं, “मशीनला वारं लागतंय. कुनीतरी आडोसा धरा.”

करवल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आई उठली. “म्या धरते,” ती म्हणाली. ती माझ्या पुढे येऊन उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी पसरला, आणि पाठ माझ्याकडे, तोंड वऱ्हाडाकडे केलं. कुणीतरी डोकावायला लागलं तशी म्हणाली, “बसा खाली, बोट कलतीया.” बोट कलत नव्हती.

त्या पदराआड मी नट काढला. जुन्या कड्यांचा झुबका पोलक्यात कोंबला. बोल्ट सुरीनं, मग पॉलिश पेपरनं घासला, तांबडं-पांढरं सगळं जाऊन लोखंड चमकायला लागेपर्यंत. काळ्या वायरीचं टोक साफ करून बसवलं आणि पान्यानं असं आवळलं की पुढे तो नट काढायला दोन माणसं लागली. तिन्ही लिंबं टपाच्या दुसऱ्या टोकाला, दोरखंडाच्या खिळ्याला अडकवली. एकही खाली ठेवलं नाही. लॅम्प टेकवला. दिवा लख्ख.

गाणं अर्ध्या ओळीतून, पुरतं पिळलेल्या बटणावर, असं काही फुटलं की नवरदेव दचकून वडिलांच्या फेट्याला धरून बसला. बोट वळणावर आली, गाणं डोंगरावर आपटून दोनदा ऐकू आलं. काठावर आरतीची ताटं होती. एक चुलता चपला हातात घेऊन घोट्यापर्यंत पाण्यात उतरला होता. तो काही झालंच नाही अशा थाटात पाय धुवायला लागला. बोट लागली, वऱ्हाड उतरलं, कर्णे वाजतच होते. नानांनी सांगूनही मी ते बराच वेळ बंद केले नाहीत.

परत येताना बोटीत आम्ही तिघंच. नाना मशीनपाशी आले. “काय झालं व्हतं?”

“नट ढिला व्हता. अर्थिंगचा.”

“कशानं झाला ढिला?”

आई पाण्याकडे बघत होती. मी म्हटलं, “इंजनाच्या हादऱ्यानं.”

“इंजनाला कुनी बोलायचं न्हाई,” नाना म्हणाले, पण त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा मोठा झाला होता. घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, अंगाऱ्याच्या डबीखालून फॉर्म काढला आणि चौकटीच्या बाहेर जाणारी एक लांबलचक सही ठोकली. आईनं त्या दिवशी लापशी केली, गूळ जास्त घालून.

आता बोटीवर माझ्या चुलतभावाचा मुलगा असतो. वायर नाही, कॅसेट नाही, मोबाईलवरून गाणं लागतं. बिघाड झाला की तो मला फोन करतो, आणि मी सवयीनं आधी विचारते की लिंबू कुठं बांधलंय. त्याला वाटतं, आत्या वयानं भाविक होत चाललीय.

त्या वर्षी आयटीआयसाठी शिवऱ्याला निघाले तेव्हा आई एसटीपर्यंत आली होती. माझ्या हत्यारांच्या पिशवीत पक्कड, पाना, डिसमिस आणि मामांचा लॅम्प होता. गाडी दिसली तशी तिनं कनवटीतून लिंबू काढलं, दोन मिरच्यांसकट, आणि पिशवीच्या बंदाला बांधायला लागली. मी म्हटलं, “आये, कशाला?” ती गाठ मारत राहिली. गाठ पक्की झाल्यावर तिनं ती ओढून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “दोऱ्यानं बांदलंय. तारंनं न्हाई.”